भीमाशंकर-आहुपे परिसरातील प्रकाशमान कवक : वस्तू आणि नाव

१

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा जो भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडतो, तेथे पावसाळ्याच्या मध्यावर एक दृश्य दिसते. पाऊस चांगला मुरलेला असावा, रात्र अंधारी असावी आणि जवळपास कृत्रिम दिवा नसावा, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या म्हणजे आहुपे व भीमाशंकर येथील रानात पडलेल्या ओंडक्यांवर, कुजक्या फांद्यांवर आणि पालापाचोळ्यात फिकट हिरवट उजेड दिसू लागतो. तो काजव्याच्या उजेडासारखा उघडझाप करीत नाही. तो हलत नाही, आणि त्याला ऊबही नसते.

या घटनेविषयी मराठीत अलीकडे बरेच लिहिले गेले आहे. ते लेखन एकत्र ठेवून वाचले असता एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. एकाच प्रकाशाला तेथे तीन निरनिराळे धनी दिलेले आढळतात. कोठे ‘झाडे चमकतात’ असे म्हटलेले असते, कोठे ‘मायसेना नावाचा जीवाणू’ किंवा ‘मायसेना बॅक्टेरिया’ हा त्याचा कर्ता ठरविलेला असतो, तर कोठे ‘चमकणारी बुरशी’ असा उल्लेख असतो. हा केवळ शब्दांचा हलगर्जीपणा म्हणून सोडून देता येत नाही. प्रकाश झाडाचा मानला, तर लक्ष उभ्या झाडाकडे जाते. जीवाणूचा मानला, तर डोळ्यांना दिसेल आणि हातांनी जपता येईल असे काहीच उरत नाही. आणि कवकाचा मानला, तर ज्या मेलेल्या लाकडावर ते कवक जगते ते लाकूड महत्त्वाचे ठरते. नावावरून वस्तू ठरते आणि वस्तूवरून वर्तन ठरते. म्हणून येथे प्रथम वस्तूचे आणि नंतर नावाचे विवेचन करणे योग्य होईल.

२

ज्यास आपण व्यवहारात छत्री म्हणतो तो कवकाचा संपूर्ण देह नव्हे. ते त्याचे फळ होय. मूळ देह म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे. हे कवकजाल महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, लाकडात वावरत असते. छत्री मात्र अनुकूल ओलावा मिळाल्यावर उगवते आणि थोड्या दिवसांत नाहीशी होते. तिच्या खालच्या अंगास असलेल्या पात्यांसारख्या पटलांवर बीजुके तयार होतात आणि वाऱ्याबरोबर पसरतात.

प्रकाशमान कवकांपैकी बरीच मायसेना या प्रजातीत मोडतात. या प्रजातीतील छत्र्या लहान, नाजूक व बारीक देठाच्या असतात. ‘मायसेना क्लोरोफॉस’ हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. या जातीची टोपी फार तर तीन सेंटिमीटर रुंद भरते, आणि दिवसा पाहिल्यास करड्या रंगाच्या त्या क्षुल्लक छत्रीकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. तिच्या प्रकाशाची तीव्रता सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानास सर्वाधिक असते, आणि टोपी उमलल्यानंतर थोड्याच दिवसांत ती मंदावते. कवकांच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारणतः ५२० ते ५३० नॅनोमीटर, म्हणजे वर्णपटाच्या हिरव्या भागात येते. तथापि प्रत्यक्ष पाहणाऱ्यास तो प्रकाश पुष्कळदा हिरवा न दिसता धुरकट पांढरा दिसतो. कारण इतक्या मंद उजेडात मानवी डोळ्याची रंग ओळखणारी यंत्रणा काम करीत नाही. दीर्घ काळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यात मात्र तोच प्रकाश गडद हिरवा उमटतो. छायाचित्रे पाहून गेलेल्यांची रानात जी निराशा होते, तिचे कारण हे आहे.

प्रकाश देते ते केवळ छत्रीच असे नाही. अनेक जातींत लाकडातील कवकजालही प्रकाशते. त्यामुळे छत्री कोठेच दिसत नाही आणि तरी संपूर्ण ओंडका उजळलेला आहे, असे घडू शकते. ‘झाड चमकते’ या समजुतीचा उगम बहुधा येथेच असावा. पाहणाऱ्यास लाकूड दिसते. लाकडातील राहणारा दिसत नाही.

या प्रकाशाचा अभ्यास जुना आहे. रॉबर्ट बॉइल याने १६६७ च्या सुमारास निर्वात पात्राच्या साहाय्याने असे दाखविले की, प्रकाशणाऱ्या लाकडाभोवतीची हवा काढून घेतली असता प्रकाश विझतो आणि हवा परत सोडली असता तो पुन्हा प्रकट होतो. ऑक्सिजनचा शोध लागण्यापूर्वी शतकभर आधीचा हा प्रयोग आहे. लाकडाच्या प्रकाशाचे मूळ त्यातील कवकतंतूंत आहे, हे एकोणिसाव्या शतकात निश्चित झाले. १८८७ मध्ये राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने जीवदीप्तीच्या दोन घटकांस ‘ल्युसिफेरिन’ आणि ‘ल्युसिफेरेज’ अशी नावे दिली. पहिला घटक जळणारा, दुसरा त्या ज्वलनास चालना देणारा. कवकांतील ल्युसिफेरिन नेमके कोणते, याचे उत्तर मात्र २०१५ मध्ये मिळाले. ते ३-हायड्रॉक्सिहिस्पिडिन हे संयुग होय. त्यानंतर २०१८ मध्ये या प्रक्रियेची जनुके ओळखण्यात आली. कॅफेइक आम्लापासून हिस्पिडिन, हिस्पिडिनपासून ल्युसिफेरिन, आणि ल्युसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होताना प्रकाश, असा हा क्रम आहे. कॅफेइक आम्ल वनस्पतींतही असते. म्हणूनच २०२० मध्ये ही जनुके तंबाखूच्या रोपात घालून स्वयंप्रकाशी रोपे तयार करता आली.

प्रकाश का, याचे एकच उत्तर सर्व जातींना लागू पडत नाही. ब्राझीलमधील एका प्रकाशमान कवकावर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, त्याचा प्रकाश दिवसरात्रीच्या आंतरिक घड्याळाप्रमाणे रात्री वाढतो आणि तशाच रंगाच्या कृत्रिम दिव्याकडे कीटक आकर्षिले जातात. दाट रानाच्या तळाशी वारा क्षीण असतो. तेथे बीजुके वाहून नेण्यास कीटक उपयोगी पडत असणे संभवनीय आहे.

३

आता ‘मायसेना जीवाणू’ या शब्दप्रयोगाचा विचार करू. मायसेना हे नाव ‘मायकेस’ या छत्रीवाचक ग्रीक शब्दाशी संबद्ध आहे. म्हणजे नावातच कवकाचा निर्देश असताना त्यापुढे ‘जीवाणू’ हा शब्द जोडला गेला आहे. जीवाणू एकपेशीय असून त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. कवकांच्या पेशीत केंद्रक असते, आणि वंशावळीच्या दृष्टीने कवके वनस्पतींपेक्षाही प्राण्यांना अधिक जवळची आहेत. तेव्हा मायसेनाला जीवाणू म्हणणे ही भेद थोडासा पुसट करणारी चूक नसून सजीवसृष्टीच्या अगदी मुळाशी असलेली सीमा ओलांडणारी चूक आहे.

ही चूक का व्हावी याला भाषिक कारणे आहेत. एक तर ‘सूक्ष्मजीव’ हा व्यापक शब्द मराठीत जीवाणू, विषाणू आणि कवके या तिघांनाही लावला जातो, आणि व्यापक शब्दाच्या जागी त्यातील सर्वांत परिचित पोटशब्द बसविण्याची भाषेची प्रवृत्ती असते. दुसरे असे की, ‘चमकणे’ हे एकच क्रियापद मराठीत अनेक घटनांना पुरते. कोकणच्या किनाऱ्यावर लाटा चमकतात, पुरुषवाडी-भंडारदरा भागात काजवे चमकतात, भीमाशंकरास लाकूड चमकते. किनाऱ्यावरील प्रकाश मुख्यतः नॉक्टिल्युका या एकपेशीय सागरी जीवाचा, काजव्याचा प्रकाश कीटकाचा आणि लाकडाचा प्रकाश कवकाचा. या तिघांची ल्युसिफेरिने परस्परांहून भिन्न आहेत. सजीवांनी प्रकाश निर्माण करण्याची युक्ती अनेकदा स्वतंत्रपणे साधली; भाषेने मात्र सर्वांना एका क्रियापदात बसविले. यात भाषेचा दोष नाही. सामान्य व्यवहारास तेवढा शब्द पुरेसा असतो. शास्त्रीय माहिती सांगताना तो पुरत नाही, एवढेच.

‘जाती’ आणि ‘प्रजाती’ या जोडीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. मराठी वनस्पतिशास्त्रीय परिभाषेत ‘प्रजाती’ हा मोठा गट व ‘जाती’ हा त्यातील घटक. मायसेना ही प्रजाती, क्लोरोफॉस ही जाती. वृत्तपत्रीय मराठीत मात्र ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’च्या अर्थी येतो. परिणामी ‘मायसेना ही प्रजाती आढळली’ या वाक्यातून एक विशिष्ट जीव सापडला असा समज होतो. वस्तुतः त्यातून शेकडो जातींच्या एका कुटुंबाचा निर्देश होत असतो. सजीवांच्या नावांत अशी ढिलाई झाली म्हणजे पुढील नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. लाकडातील प्रकाशमान कवकजाल केवळ पाहून त्याची जाती सांगता येत नाही. त्यासाठी छत्रीचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण किंवा जनुकीय तपासणी लागते. पुण्यात अशा कामाची परंपरा आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत, म्हणजेच सांप्रतच्या आघारकर संशोधन संस्थेत, कवकांचा अजरेकर नमुनासंग्रह आहे.

नाव देण्याच्या पद्धतीही उद्बोधक आहेत. ‘क्लोरोफॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत हिरवा प्रकाश. बर्कली आणि कर्टिस यांनी १८६० मध्ये जपानच्या बोनिन बेटांवरील नमुन्यावरून या जातीचे वर्णन केले. केरळात सापडलेल्या आणि २०१२ मध्ये वर्णिलेल्या प्रकाशमान जातीस ‘मायसेना दीप्ता’ असे नाव मिळाले. येथे लॅटिन चौकटीत संस्कृत विशेषण बसविले आहे. मेघालयातील ‘रोरिडोमायसेस फायलोस्टॅकिडिस’ ही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली जाती मेलेल्या बांबूवर वाढते, तिचा केवळ देठ प्रकाशतो, आणि तिचे नाव ज्या बांबूवर ती सापडली त्यावरून पडले. पहिल्या दोन नावांत गुण सांगितला आहे, तिसऱ्यात आश्रय.

४

आता मराठीच्या स्वतःच्या शब्दसंपत्तीकडे वळू. छत्रीसारख्या कवकांसाठी मराठीत ‘अळंबी’, ‘भूछत्र’ आणि ‘कुत्र्याची छत्री’ हे शब्द प्रचलित आहेत. ‘बुरशी’ हा शब्द अन्नावर, कातड्यावर किंवा भिंतीवर येणाऱ्या थरासाठी. आणि ‘कवक’ हा शास्त्रीय लेखनात. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘अळंबी’ म्हटले की खाद्य वस्तू सूचित होते. ‘कुत्र्याची छत्री’ म्हटले की ती माणसाच्या उपयोगाची नाही हे त्यातच आले; ‘कुत्र्याची’ हे विशेषण येथे मालकी दाखवीत नाही, त्याज्यता दाखविते. ‘भूछत्र’ हा शब्द आकार आणि स्थान सांगतो.

‘अळंबी’ची भौगोलिक नाती लक्षणीय आहेत. कोंकणीत ‘अळमी’, तुळूत ‘अलंबु’, कन्नडात ‘अणबे’ आणि तमिळात ‘आंबि’ असे ध्वनीने व अर्थाने जवळचे शब्द आहेत. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला हा शब्दगट पाहता पावसाळी खाद्य कवकांचे ज्ञान या पट्ट्यात भाषिक सीमांना न जुमानता फिरत राहिले, असे अनुमान करण्यास हरकत नाही. उलट ‘कवक’ हा शब्द ग्रंथातून आला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अभक्ष्य वस्तूंच्या यादीत लसूण व कांदा यांच्याबरोबर कवकाचा निर्देश आहे, आणि त्याच अध्यायात ‘छत्राक’ हा शब्दही येतो. निषेधाच्या यादीतील हा शब्द आधुनिक मराठी परिभाषेने एका संपूर्ण सृष्टीचे नाव म्हणून स्वीकारला. परिभाषा घडताना जुन्या शब्दाचे मूल्य गळून अर्थ विस्तारतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

‘शिलीन्ध्र’ हा संस्कृत शब्द कालिदासाच्या मेघदूतात मेघगर्जनेनंतर भूमीतून वर येणाऱ्या वस्तूसाठी येतो. त्याचा अर्थ छत्री असा घेतला जातो, तसा कंदली असाही केला गेला आहे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयातील गुहांत रात्री प्रकाशणाऱ्या ओषधींचा उल्लेख आहे. या ओषधी म्हणजे प्रकाशमान कवकेच असे प्रतिपादन करण्याचा मोह होतो. परंतु ‘ओषधी’ हा शब्द कवकवाचक नाही, आणि प्रकाशाचे साम्य एवढ्या एकाच आधारावर काव्यातील वस्तूची ओळख पटविणे भाषाशास्त्राच्या पद्धतीत बसत नाही. साहित्यातील उल्लेख कल्पनेची साक्ष देतात. वस्तूची साक्ष वेगळी काढावी लागते.

या सर्व शब्दांत लाकडावर वाढणाऱ्या, लहान, न खाल्ल्या जाणाऱ्या आणि रात्री प्रकाशणाऱ्या कवकासाठी एकही नेमका शब्द नाही. लोकांच्या जीववर्गीकरणाविषयी दोन मते प्रसिद्ध आहेत. ब्रेंट बर्लिन यांच्या १९९२ च्या ग्रंथातील भूमिकेनुसार निसर्गात जे ठळक आणि वेगळे दिसते त्याला प्रथम नाव मिळते; युजीन हन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या मतानुसार उपयोगाचा वाटा त्यात मोठा असतो. प्रकाशमान कवक ही या दोन मतांची कसोटी ठरावी अशी वस्तू आहे. रात्री तिच्याइतके ठळक रानात दुसरे काही नाही, आणि दिवसा तिच्याइतके निरुपयोगी व नजरेआड राहणारेही दुसरे काही नाही. जपानी भाषेत ‘मायसेना क्लोरोफॉस’ला ‘याकोताके’, म्हणजे रात्री प्रकाशणारी छत्री, असे नाव आहे. इंग्रजीत लाकडाच्या या उजेडास ‘फॉक्सफायर’ म्हणतात. त्यात प्रकाशाला नाव मिळाले, कवकाला नाही.

५

नावाचा प्रश्न मेलेल्या लाकडाशी कसा जोडलेला आहे, हे आता स्पष्ट करता येईल. भीमाशंकर अभयारण्याची घोषणा १९८५ मध्ये झाली. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, रायगड व ठाणे या जिल्ह्यांत विभागलेले आहे. शेकरूसाठी ते विशेष ओळखले जाते. माथ्यावरचे रान अंजनी, जांभूळ, पिसा अशा सदाहरित वृक्षांचे आहे. तेथे पाऊस विपुल, तर काही कोसांवर पूर्वेस जुन्नर शहराच्या बाजूस तो झपाट्याने उतरतो. माथ्यावरची सावली आणि ओल यांमुळे पडलेले झाड वाळून जाण्याऐवजी कुजते, आणि कुजणे हे कवकांचे काम आहे. लाकडातील लिग्निन हे चिवट द्रव्य फोडण्याची क्षमता मुख्यत्वे कवकांतच आहे. ती नसती तर पडलेल्या लाकडातील अन्नद्रव्ये मातीत परतली नसती.

या भागातील देवरायांचे महत्त्व येथे दिसून येते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून कित्येक देवरायांत हिरवी फांदी तोडणेच नव्हे, तर खाली पडलेले वाळके लाकूड उचलणेही निषिद्ध असल्याचे पुढे आले. महादेव कोळी समाजाच्या वस्तीच्या या प्रदेशात आहुपे, दुर्गावाडी इत्यादी ठिकाणी देवराया आहेत. जो नियम देवाच्या नावाने पाळला गेला, त्याने कवकांचा आश्रय राखला. नियमात कवकाचे नाव नव्हते. परंतु लाकडाचे होते, आणि तेवढे पुरले.

आज परिस्थिती बदलली आहे. प्रकाश पाहण्यासाठी येणारा मनुष्य रानात रात्री शिरतो, ओंडके उलटतो, विजेरीचा झोत टाकतो, पालापाचोळा तुडवितो, आणि क्वचित उजळलेला तुकडा सोबत नेतो. नेलेला तुकडा वाळताच त्यातील कवकाची क्रिया थांबते आणि प्रकाश विझतो. हे सर्व करणाऱ्यास आपण झाडाला धक्का लावला नाही, असे प्रामाणिकपणे वाटते. कारण त्याला सांगितलेल्या वाक्याचा कर्ता ‘झाड’ किंवा अदृश्य ‘जीवाणू’ होता. ‘मेलेले लाकूड’ हा शब्दप्रयोगही त्याला निर्धास्त करतो. जे मेले आहे त्याची हानी कशी होणार?

६

तेव्हा कोणते नाव सुचवावे? ‘चमकती अळंबी’ हे नाव कानास गोड असले तरी ते टाळावे. ‘अळंबी’ या शब्दात खाद्यतेची सूचना आहे, आणि काही प्रकाशमान कवके विषारी आहेत. जपानमधील ‘त्सुकियोताके’ या प्रकाशमान कवकामुळे खाद्य जातीशी गल्लत होऊन विषबाधा होत आल्या आहेत. ‘भूछत्र’ शब्द स्थानाबाबत दिशाभूल करतो. ‘बुरशी’ चुकीचा नाही, पण त्यात किळस मिसळलेली आहे. सर्वसाधारण लेखनात ‘प्रकाशमान कवक’ आणि त्याच्या फळासाठी ‘प्रकाशमान कवकछत्र’ एवढे म्हणणे पुरेसे व निर्दोष होईल. घटनेसाठी ‘जीवदीप्ती’ हा शब्द परिभाषेत आहेच. त्यास ‘स्फुरद’ या शब्दाशी जोडू नये. ‘स्फुरद’ हे फॉस्फरस या मूलद्रव्याचे मराठी नाव असून या प्रकाशाशी त्याचा तसा संबंध नाही. वाक्यरचनाही बदलावी. ‘झाडे चमकतात’ याऐवजी ‘कुजणाऱ्या लाकडातील कवक प्रकाशते’ असे लिहिल्यास कर्ता, आश्रय आणि क्रिया तिन्ही जागच्या जागी येतात.

परंतु घडविलेल्या संज्ञेपेक्षा लोकांच्या मुखातील शब्द शोधणे अधिक मोलाचे आहे. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेने १९६३ पासून प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून शब्द टिपण्याची शिस्त घालून दिली. पश्चिम जुन्नर-आंबेगावातील महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांच्या बोलींतील कवकवाचक शब्द त्याच शिस्तीने गोळा करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यास हाती घेण्याजोगे आहे. मात्र प्रश्न विचारण्याची पद्धत सांभाळावी लागेल. छायाचित्र दाखवून नाव विचारले तर उत्तर छायाचित्रातल्या हिरव्या रंगाला मिळेल. प्रत्यक्षात त्या रंगाचा उजेड कोणी पाहिलेलाच नसतो. वस्तू दिवसा एकदा आणि रात्री एकदा, तिच्या जागीच, न उपटता दाखवावी. छत्रीचे नाव, लाकडाचे नाव आणि उजेडाचे नाव अशी तीन उत्तरे वेगळी नोंदवावीत. ‘नाव नाही’ हे उत्तरही नोंदच समजावे. प्रकाशाला शब्द आहे पण छत्रीला नाही, असे आढळले तर त्या बोलीने दोन वस्तू एक मानल्या नाहीत, हे कळेल. दोहोंस एकच शब्द असेल, तर दिवसाची करडी छत्री आणि रात्रीचा उजेड यांतील संबंध तेथील लोकांनी स्वतंत्रपणे जाणला होता, असे दिसेल.

हे काम फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही. रानात राहून अंधाराची सवय असलेली पिढी वृद्ध होत आहे, आणि वाड्यावस्त्यांवर वीज पोहोचल्यामुळे तो मंद उजेड सहज दिसण्याचे प्रसंगही कमी झाले आहेत. पर्यटकाच्या तोंडचा ‘मायसेना’ हा शब्द मात्र त्याच वाड्यांपर्यंत पोहोचला आहे. आयात शब्द बोलीतल्या शब्दावर बसण्यापूर्वी तो शब्द टिपला गेला पाहिजे.